मदत हवी आहे: आईच्या ईईजीतल्या थीटा लहरी
आईला दोनदा चक्कर आली म्हणून परवा ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) काढला. डोक्याला पेस्ट लावून वायरी चिकटवल्या, मग तंत्रज्ञ म्हणाले, "काकू, डोळे मिटा." मिटताच पडद्यावर एकसारख्या लाटा उमटल्या, उघडले की विरल्या. जर्मन डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२९ साली जगापुढे मांडलेल्या अल्फा लहरी त्या याच, सेकंदाला ८ ते १३. बघून अंगावर काटा आला.

रिपोर्टमध्ये अल्फा ९ हर्ट्झ (सेकंदाला ९) आणि "गुंगीत थीटा" असं लिहिलंय. थीटा, म्हणजे ४ ते ८, डोळा लागताना येतात एवढं वाचलंय. आई आदल्या रात्री जागीच होती, मध्ये डुलकीही लागली. मग हे नेहमीचंच समजायचं का? डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे, त्यांना नेमकं काय विचारू? कुणी जाणकार असेल तर कृपया सांगा, आई फार घाबरली आहे.