मदत हवी आहे: कम्युनिटी कॉलेजात पत्रकारिता आणि फिटनेस, दोन्ही एकत्र झेपेल का?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियात राहते. व्हिसा एच-४ (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून), ईएडीचा म्हणजे कामाच्या परवान्याचा अर्ज केलाय पण अजून हातात नाही. वय ३६. भारतात बी.कॉम. करून एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक होते. बातम्या नीट करणं, मथळे देणं, पानं लावणं हे सगळं मराठीत. इथे आल्यावर व्यायामाचा नाद लागला, आणि आता ओळखीतल्या बायका मला विचारायला लागल्यात की वजनं कशी उचलायची, गुडघा दुखतो तर काय करू. मी काहीतरी सांगते. पण जे सांगते ते खरंच बरोबर आहे की कुठल्यातरी व्हिडिओतलं ऐकीव, हे माझं मलाच सांगता येत नाही. खरी अडचण तीच.

म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) नाव घालायचं ठरवलंय. पत्रकारिता इंग्रजीतून नव्याने शिकायची आहे आणि किनेसिऑलॉजी, म्हणजे शरीराच्या हालचालींचं आणि व्यायामाचं शास्त्र, तेही खुणावतंय. कौन्सेलर बाई म्हणाल्या, एज्युकेशन प्लॅनमध्ये मेजर (मुख्य विषय) एकच निवडा. नवरा म्हणतो दोन दगडांवर पाय नको. सासूबाई म्हणतात दोन्ही कर, पण संध्याकाळचे क्लास घेऊ नकोस.

दोन्ही एकत्र कुणी केलंय का? फी कशी पडते? एच-४ वर चालतं का? आणि व्यायामाच्या क्लासमध्ये १९ वर्षांच्या पोरांबरोबर ग्रेडसाठी धावायचं म्हणजे काय होणार माझं? जाणकारांनी कृपया सांगावं.

कडूकारले

आधी एक स्पष्ट करा: पदवी हवी, काम हवं, की नुसतं ज्ञान? तिघांचे रस्ते वेगळे आहेत.

पदवीचा हिशेब असा. २०१० च्या एसबी १४४० कायद्याने इथे ट्रान्सफरसाठीची असोसिएट डिग्री सुरू झाली. ६० सेमिस्टर युनिट (क्रेडिट) कम्युनिटी कॉलेजात करायची, मग सीएसयूच्या, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या, कुठल्यातरी कॅम्पसवर तिसऱ्या वर्षात जागा नक्की, आणि तिथे आणखी ६० युनिटांत बॅचलर्स. पत्रकारिता आणि किनेसिऑलॉजी या दोन्ही विषयांत अशी डिग्री असते. सामान्य शिक्षणाचे विषय दोन्हींना तेच, त्यामुळे दोन डिग्र्या म्हणजे दुप्पट काम नव्हे. सव्वापट-दीडपट धरा.

पण तुमचं बी.कॉम. झालंय. भारतातली ३ वर्षांची पदवी इथे पूर्ण बॅचलर्स धरायची की ३ वर्षांचं क्रेडिट, हे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेगणिक बदलतं. बॅचलर्स धरली तर सीएसयूच्या पुष्कळ कॅम्पसांवर दुसऱ्या बॅचलर्सला दार बंद, किंवा मोजक्याच विषयांना उघडं. आधी ते मूल्यमापन करून घ्या, मेजरचा घोळ नंतर. मला विचाराल तर तुम्हाला डिग्रीची गरजच दिसत नाही.

बाराखडी

फी आणि व्हिसाबद्दल मी लिहिते, कारण हे सगळं मी स्वतः निस्तरलंय.

एच-४ वर शिकता येतं, पूर्णवेळ किंवा एकच विषय घेऊनही. १२ युनिटांची अट एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना, आपल्याला नाही. फी रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर, क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात ३१. बाहेरच्यांना याच्या कितीतरी पट. एच-४ वर असूनही इथले रहिवासी ठरता येतं. सत्र सुरू होण्याआधी वर्षभराहून जास्त मुक्काम आणि इथेच राहण्याचा इरादा, दोन्ही कागदांनी दाखवावं लागतं. लीज, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स रिटर्न हे बाहेर काढून ठेवा. अर्जाच्या खिडकीवरच्या माणसाने एच-४ ऐकून 'नॉन-रेसिडेंट' म्हटलं तर तिथेच मान डोलावू नका, रेसिडेन्सी बघणाऱ्या माणसाची वेळ मागा. फेडरल मदत मात्र आपल्याला मिळत नाही, त्या फॉर्ममागे वेळ घालवू नका.

आणि ईएडी येईपर्यंत पैशाला हात नाही. काही कॉलेजांत विद्यार्थी-वृत्तपत्राच्या संपादकांना स्टायपेंड असतो, तो नको म्हणायचा. बायकांना फी घेऊन व्यायाम शिकवणं तर बिलकूल नाही.

उंबरठा

बाराखडी, लीजवर फक्त नवऱ्याचं नाव आहे. आजच बदलायला सांगते. कडूकारले, तुमचा प्रश्न बोचला पण बरोबर आहे. पदवी नकोय. मला आरोग्य आणि खेळ यांवर नीट लिहिता यायला हवं, आणि जमलं तर शिकवताही.

धावपट्टी

मग किनेसिऑलॉजीचं मेजर सोडा, त्यातले निवडक विषय उचला.

प्रत्यक्ष व्यायामाचे जे क्लास असतात, म्हणजे वेट ट्रेनिंग, पोहणं, योग वगैरे, ते १ युनिटचे दिसतात म्हणून लोक किरकोळ समजतात. ते लॅबसारखे मोजले जातात. १ युनिटला आठवड्याचे साधारण ३ तास जातात. लेक्चरच्या ३ युनिटांना वर्गात बसणंही तेवढंच, फक्त घरचा अभ्यास वेगळा. २०१३ पासून असले क्लास वाटेल तितक्यांदा घेता येत नाहीत. कॉलेज सारख्या क्लासांचे गट करतं आणि एका गटात चारच वेळा नाव घालता येतं. मध्येच सोडून 'डब्ल्यू' (विथड्रॉवल) लागला तरी ती एक वेळ खर्ची पडते. पूर्वी लोक वर्षानुवर्षं कॉलेजचा पूल स्वस्तातल्या जिमसारखा वापरत, ते यामुळे बंद झालं. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) जायचं असेल तर असल्या क्लासांची एकूण ४ सेमिस्टर युनिटंच धरतात, हे इतर वाचणाऱ्यांसाठी.

खरं मोल अ‍ॅनॅटॉमी, फिजिऑलॉजी आणि इंट्रो टू किनेसिऑलॉजीत आहे. गुडघा का दुखतो याचं उत्तर तिथे मिळेल. पण पहिले दोन जड आहेत, लॅबसकट ४-५ युनिटांचे, आणि नर्सिंगला जाणाऱ्यांनाही तेच लागतात, त्यामुळे जागांसाठी मारामारी.

शिकवायचं असेल तर कॅलिफोर्नियात पर्सनल ट्रेनरला सरकारी लायसन्स लागत नाही. जिमवाले बहुधा एनसीसीएची (सर्टिफिकेटांना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेलं सर्टिफिकेट मागतात: एसीई, एनएएसएम, एसीएसएम, एनएससीए यांपैकी एखादं. त्याला कॉलेजची डिग्री लागत नाही, सीपीआर-एईडीचं प्रशिक्षण लागतं. एनएससीएच्याच सीएससीएस या खेळाडूंच्या प्रशिक्षकांच्या सर्टिफिकेटला मात्र बॅचलर्स लागते, दोन्हींची गल्लत करू नका.

शाईचे_डाग

मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या वृत्तपत्रात होतो, म्हणून पत्रकारितेच्या बाजूने.

न्यूजरायटिंगचा क्लास करा आणि लगेच वृत्तपत्राच्या प्रॅक्टिकमला, म्हणजे जिथे विद्यार्थीच वृत्तपत्र काढतात त्या क्लासला, नाव घाला. शिकणं सगळं तिथे होतं. मराठी दैनिकातून आलेल्या माणसाला भाषेपेक्षा सवयी नडतात. 'असे समजते', 'सूत्रांकडून सांगण्यात आले', 'नागरिकांमध्ये नाराजी पसरली आहे' हे तिथे पहिल्याच दिवशी खोडलं जातं. कोण समजतो? कुठले नागरिक? नाव, हुद्दा, आणि त्याने तुला प्रत्यक्ष सांगितलं का? पहिलं वाक्य पंचवीस-तीस शब्दांत आटपायचं. सुरुवातीला बातमी बोडकी वाटते, मग सवय होते. मथळ्याचा हात तुमचा तयार आहे, त्याचा उपयोग होईल. तिथल्या पोरांना मथळे अजिबात जमत नाहीत.

मुलाखत फोनवर रेकॉर्ड करणार असाल तर आधी विचारा. या राज्यात खासगी संभाषण समोरच्याच्या संमतीविना रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. उलट दिलासाही आहे: सरकारी कॉलेजच्या प्रशासनाला तुमची बातमी छापण्याआधी अडवता येत नाही, राज्याच्या शिक्षण कायद्याच्या ६६३०१ कलमाने ते संरक्षण दिलंय. जिमची मशिनं महिनोन् महिने बंद आहेत असं लिहिलंत तर डीन नाराज होईल, पण थांबवू शकणार नाही. फक्त तुम्ही ज्या कोचच्या वर्गात ग्रेडला बसला आहात त्याच्यावर स्वतः लिहू नका, बातमी दुसऱ्याला द्या. संपादकाला हे आधीच सांगून ठेवायचं.

आणि माझ्या मते दोन्ही विषय एकत्र घेण्यातच तुमचा फायदा आहे. फिटनेसवर लिहिणारे ढीग आहेत, पण आकडा कुठून आला हे विचारणारे फार कमी. 'एका वेळी सलग १० मिनिटं तरी चाललं तरच व्यायाम' हे अजून छापून येतं. अमेरिकन सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमधून ती अट गेली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम एवढं राहिलंय. रोजची १०,००० पावलं १९६५ च्या सुमाराला जपानात एका पेडोमीटरच्या विक्रीबरोबर रूढ झाली, कुठल्या संशोधनातून नव्हे. हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त ठोके काढायचं जिमच्या भिंतीवर लावलेलं '२२० वजा वय' घ्या. २००१ मध्ये आलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र लावलं तर चाळिशीत दोन्हींचं उत्तर १८० येतं, पण साठीच्या माणसाला जुन्या सूत्राने १६० आणि नव्याने १६६. म्हणजे म्हाताऱ्यांना आपण उगाच कमी पळवतो. आणि दोन्ही सूत्रं सरासरीची, एकेका माणसात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. फिजिऑलॉजीचा तास करून आलेल्या बातमीदाराला असे विषय शोधत हिंडावं लागत नाही.

तनू_१९

ताई, मी आत्ता वेट ट्रेनिंगच्या क्लासमध्ये आहे! घाबरू नका, आमच्यात साठीच्या दोन आज्या आहेत आणि त्या माझ्यापेक्षा नियमित येतात. आमच्याकडे ग्रेड हजेरी, वजनांची वही आणि एका लेखी परीक्षेवर आहे, कोण किती उचलतो त्यावर नाही. प्रत्येक प्रोफेसरचं वेगळं असतं, सिलॅबस आधी मागून बघा. पास/नो पासची सोय असेल तर ती घ्या. फक्त दांड्या मारू नका, तीनचार झाल्या की काढून टाकतात. (सॉरी, माझं मराठी टायपिंग आईने तपासलंय.)

कडूकारले

तनू, आईला सांग एकही चूक नाही. आणि त्या आज्यांवर पहिली बातमी करा हो उंबरठा. वरच्या १६६ चं काय होतं तेही कळेल.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतेय: पहिल्या सत्रात न्यूजरायटिंग, इंट्रो टू किनेसिऑलॉजी आणि वेट ट्रेनिंग, सगळे सकाळचे. दुसऱ्या सत्रात वृत्तपत्राचं प्रॅक्टिकम आणि अ‍ॅनॅटॉमी. ट्रेनरचं सर्टिफिकेट ईएडी आल्यावर.

एकच शंका. अ‍ॅनॅटॉमीच्या सकाळच्या दोन्ही तुकड्या गेल्या सत्रात पहिल्याच आठवड्यात भरल्या असं वेबसाइटवर दिसतंय. नव्या विद्यार्थ्याला नोंदणीची तारीख सगळ्यांच्या शेवटी मिळते ना? मग मिळणार कशी?

धावपट्टी

पहिल्या सत्राआधीच ओरिएंटेशन आणि एज्युकेशन प्लॅन पूर्ण करा, त्याशिवाय लवकरची तारीख मिळत नाही. प्लॅनमध्ये पत्रकारिता हे एकच मेजर लिहा, किनेसिऑलॉजीचे विषय तसेही घेता येतात. तुमच्या कॉलेजात अ‍ॅनॅटॉमीला आधी बायॉलॉजीचा एखादा विषय लागतो का तेही आत्ताच बघा, बी.कॉम.वाल्यांची गाडी तिथे अडते. तुकडी भरली असेल तर वेटलिस्टला नाव घाला आणि पहिल्या दिवशी पहिल्या लॅबला जाऊन बसा. जे येत नाहीत त्यांची नावं प्रोफेसर त्याच दिवशी कापतात आणि समोर हजर असलेल्यांना अ‍ॅड कोड (भरलेल्या तुकडीत नाव घालायचा परवानगीचा आकडा) देतात. ईमेल पाठवून घरी थांबलेल्यांना सहसा मिळत नाही.

बाराखडी

आणि कोड मिळाला की त्याच रात्री वापरा. त्याला मुदत असते.