बँकॉकचा पहिला दिवस: पहाटे उतरून काय काय जमेल?

राजवाडा_कट्टा
इंदूर–मुंबई–बँकॉक. आम्ही दोघं, पाठीवर एकेक सॅक. विमान सुवर्णभूमीला पहाटे ५:३० ला उतरतं, हॉस्टेल साम योत मेट्रो स्टेशनजवळ, पण खोली दुपारी २ नंतर. एक जण पक्का शाकाहारी, अंडंही नाही. पहिला दिवस कसा लावावा? आणि लोक नेमके फसतात कुठे?

सॅकवाला
साम योत घेतलंत ते उत्तम. एक स्टेशन पुढे सनाम चाय, म्हणजे वाट फो हे बुद्धमंदिर. एक स्टेशन मागे वाट मंगकोन, म्हणजे याओवारात, इथलं चायनाटाउन. पहिल्या दिवशी एवढंच पुरे.

निघण्याआधी टीडीएसी, म्हणजे थायलंडचं डिजिटल आगमनपत्र, ऑनलाइन भरा. उतरण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं आणि फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढतानाच पाहा.

विमानतळाच्या तळघरात एअरपोर्ट रेल लिंक आहे. मक्कासानचं टोकन ३५ बाट. तिथून पादचारी पुलाने फेचबुरी स्टेशनला जा आणि निळी एमआरटी (मेट्रो) धरा. साम योतपर्यंत गाडी बदलायची नाही. एमआरटीच्या दारावर व्हिसा-मास्टरकार्ड टेकवलं की चालतं, पण आपल्या कार्डावर परदेशी आणि कॉन्टॅक्टलेस हे दोन्ही व्यवहार घरूनच सुरू करून घ्या. नव्या कार्डावर ते बंदच असतात.

रुपये नेऊ नका, भाव रडका मिळतो. १०० डॉलरच्या कोऱ्या, न मुडपलेल्या नोटा न्या आणि त्या आगमन कक्षात न मोडता तळघरात, रेल्वेजवळच्या काउंटरवर मोडा. एटीएम दर वेळी २०० बाटच्या वर शुल्क कापतं. त्यात स्क्रीन ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारते, तिथे नाहीच म्हणायचं; हो म्हटलं की दर ते ठरवतात.

घाटावरचा
सॅक हॉस्टेलवर टाका (खोली नसली तरी ठेवून घेतात) आणि ८:३० ला राजवाड्याच्या (ग्रँड पॅलेसच्या) दारात हजर व्हा. तिकीट ५०० बाट.

सॅकवाला
रात्रभर न झोपलेल्या माणसाला ५०० बाटचा राजवाडा? दुसऱ्या सकाळी ठेवा. वाट फो ८ ला उघडतं, ३०० बाट, आत ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध.

घाटावरचा
झोप दुपारी काढता येते हो, उन्हाचं आणि गर्दीचं काय? पण तुमचं तुम्ही ठरवा. कुठेही गेलात तरी खांदे-गुडघे झाकलेले हवेत, राजवाड्यात तर फाटकी जीन्सही चालत नाही.

फसणं बहुतेक राजवाड्याच्या भिंतीपाशीच होतं. नीटनेटका माणूस गाठून सांगतो, ‘आज पूजा आहे, दुपारी १ ला उघडेल, तोवर टुकटुकने २० बाटमध्ये सगळी देवळं पाहा.’ टुकटुक नेते रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानात, कारण तिथे चालकाला कमिशन असतं. राजवाडा बहुतेक वेळा उघडाच असतो. सरळ तिकीटखिडकी गाठा.

वाट फोमागच्या था तिएन धक्क्यावरून ५ बाटमध्ये नाव वाट अरुणला जाते, तिकीट २००. पण मावळतीला अलीकडे परत या. मंदिर पश्चिम काठावर आहे, सूर्य त्याच्या मागे बुडतो.

सराफा_रात्र
संध्याकाळ याओवारातची. इंदूरकरांना समजवायला नको: सोन्याची दुकानं आणि त्यांच्यासमोर रात्री ठेले, आपला सराफाच. फक्त तूप-साखरेऐवजी कोळंबी. सोमवारी बरेच ठेले बंद असतात.

शाकाहाऱ्याची अडचण मांस नाही, ते दिसतं तरी. अडचण फिश सॉसची, ते भाजीतही पडतं. पाड थायमध्ये अंडं, वर सुकी कोळंबी. ‘मै साय नाम प्ला’ म्हणजे फिश सॉस नको. त्यापेक्षा पिवळा झेंडा शोधा. त्यावरची लाल अक्षरं इंग्रजीतल्या १७ सारखी दिसतात. ते ‘जे’, म्हणजे कडक शाकाहारी. ‘मांगसाविरात’वर (साध्या शाकाहारीवर) विसंबू नका, त्यात अंडं चालतं.

राजवाडा_कट्टा
‘जे’मध्ये कांदा-लसूण? सोबतचा भिया जैन आहे.

सराफा_रात्र
मग त्याचं काम झालं, ‘जे’मध्ये कांदा-लसूण दोन्ही वर्ज्य. पण कंदमुळं येऊ शकतात. तीही टाळत असेल तर शिजवणाऱ्याला विचारूनच घ्या, किंवा पहिल्या दिवसापुरता ठेपल्यांचा डबा. शिवाय साम योतहून चालत पाहुरात आहे, भारतीय कापडबाजार. तिथे पंजाबी शाकाहारी जेवण मिळतं.