सॅलॅमँडर आणि व्होल : मराठीत काय म्हणायचं?

भाषांतर करतेय, एकाच परिच्छेदात हे दोन्ही प्राणी आलेत. मी पहिल्याला पाणसरडा आणि दुसऱ्याला शेतउंदीर करून टाकलं. चालेल ना?

– पाणसरडा नको हो. दिसतो सरड्यासारखा, मान्य, पण अंगावर खवले नाहीत, कातडी ओलसर, पुढच्या पायाला बहुतेकांना चारच बोटं, म्हणजे नात्याने हा बेडकाकडचा, उभयचर. आपल्याकडे दार्जिलिंग भागात हिमालयी सॅलॅमँडर आहे, दुर्मिळ, त्याच्यासाठी जोरपोखरीला अभयारण्यसुद्धा केलंय. गंमत म्हणजे शास्त्रज्ञ त्याला बरीच वर्षं चीनकडच्या जातीतच धरायचे, वेगळी जात म्हणून नाव मिळालं 2015 साली. त्यांचीच एवढी गल्लत होते तर आपण परत सरडा म्हणून अजून घोळ कशाला घालायचा!

– आणि व्होल?

– तिथेही तेच. छोटी शेपूट, बोथट तोंड, केसांत लपलेले कान, बघितला की उंदीरच वाटतो पण कुळ बघाल तर हॅम्स्टर आणि लेमिंग त्याच्या जास्त जवळचे, घरातला उंदीर लांबचा. शेतउंदीर मात्र अगदीच हवेतून आलेला नाही, कारण मूळ नॉर्वेजियन शब्दाचा अर्थ कुरण-उंदीर असाच काहीतरी होतो आणि इंग्रजीत त्यातला उंदीर गळून नुसतं कुरण उरलं 😄 पण मराठीत शेतउंदीर म्हटलं की वाचणाऱ्याला पीक खाणारा उंदीर दिसणार, आणि हिमाचल-उत्तराखंडात उंचावर दगडांच्या फटीत राहणारा रॉयलचा व्होल असेल तर शेत आणायचं कुठून? एका ठिकाणी चिचुंद्री केलेलं पण वाचलंय, ते तर साफ चूक, चिचुंद्री कीटक खाणारी, ती कुरतडणाऱ्यांतली नाहीच.

मी तरी सरळ सॅलॅमँडर आणि व्होल लिहीन आणि पहिल्यांदा येईल तिथे "बेडकाच्या नात्यातला शेपटीवाला उभयचर", "आखूड शेपटीचा, उंदरासारखा प्राणी" असं जोडून देईन.

– पण सॅलॅमँडर म्हणजे हॉटेलच्या किचनमधली भट्टी ना? वरून आच देणारी?

– तीही. हा प्राणी आगीत जगतो अशी युरोपात जुनी समजूत होती, ओल्या ओंडक्यात दडलेला असायचा, ओंडका चुलीत गेला की धावत बाहेर यायचा बिचारा. भट्टीला नाव त्यावरूनच पडलं. तुमच्या परिच्छेदात नक्की प्राणीच आहे ना तेवढं बघून घ्या.