शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या लेकराला तूर, हरभरा, तीळ, काजू यांपैकी काय बंद करावं? मदत हवी आहे

मांजराकाठ
मुलगा ४ वर्षांचा, वजन १५ किलो. राहणं लातूर जिल्ह्यातल्या खेड्यात. शेंगदाण्याची चिक्की खाल्ल्यावर १० मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, दोनदा उलटी झाली. डॉक्टरांनी शेंगदाणा पूर्ण बंद केला. नंतर रक्ताची आयजीई (ॲलर्जीत शरीर तयार करतं ती प्रतिपिंडं) तपासणी झाली, तिचे आकडे असे: शेंगदाणा १८, तीळ ३.४, हरभरा २.१, सोयाबीन १.२, तूर ०.९, काजू ०.६. रिपोर्टखाली छापलंय, 'वरील सर्व पदार्थ टाळा.'

तुरीचं वरण तो दोन्ही वेळा जेवतो, पिठलंही खातो, कधी काही झालं नाही. तीळ काळ्या मसाल्यातून पोटात जातो तेवढाच. काजू आणि सोयाबीन अजून दिलेलं नाही. डाळी खरंच बंद करायच्या का? तिळाचं काय करावं? घरात ९ महिन्यांची बहीण आहे, तिला शेंगदाणा द्यावा का? आणि वेळा अमावस्या, म्हणजे शेतात भज्जी-अंबिलीच्या जेवणाचा सण, जवळ आली आहे.

बालाघाट
ताई, वरण आणि पिठलं आजही चालू ठेवा. ही गोष्ट सगळ्यात आधी लिहितोय, कारण अशा रिपोर्टमुळे लेकरांच्या ताटातून डाळ जाते आणि वजन वाढायचं थांबतं.

भुईमूग हा तूर-हरभऱ्याच्याच कुळातला, शेंगेचा. या कुळातली प्रथिनं एकमेकांसारखी दिसतात, म्हणून शेंगदाण्याविरुद्ध तयार झालेलं आयजीई तपासणीत हरभऱ्यालाही चिकटतं आणि आकडा येतो. आकडा म्हणजे शरीराने पदार्थ ओळखला एवढंच. तो खाऊन त्रास होतो का, हे खाल्ल्यावरच कळतं. जुन्या अभ्यासांत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलांपैकी सुमारे ५ टक्क्यांनाच दुसऱ्या डाळी-कडधान्यांचा खरा त्रास निघाला. हरभरा आणि मसूर यांची स्वतंत्र ॲलर्जी आपल्याकडे दिसते, म्हणून 'डाळ कधीच लागत नाही' असं म्हणणार नाही. पण जे लेकरू दोन्ही वेळा वरण जेवून खेळतं, त्याला तुरीची ॲलर्जी नाही, आकडा काहीही असो. उलट सोसणारा पदार्थ महिनोन्‌महिने बंद ठेवला तर सहनशक्ती जाऊ शकते, अंगावर इसब असलेल्या मुलांत तर जास्तच.

मेथीदाण्याचं शेंगदाण्याशी साम्य नोंदलेलं आहे. लोणच्याच्या मसाल्याने ओठ खाजले तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

खरी काळजी तीळ आणि कवचाच्या सुक्या मेव्याची. हे शेंगदाण्याच्या कुळातले नाहीत, तरी शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या साधारण २० ते ४० टक्के मुलांना एखाद्या तरी सुक्या मेव्याचीही ॲलर्जी असते. यात जोड्या असतात: काजूचा त्रास असेल तर बहुतेकदा पिस्त्याचाही असतो. आपल्याकडच्या लाडवांतली गोडंबी आणि चारोळी ही दोन्ही काजूच्याच कुळातली. काजूचा निकाल लागेपर्यंत डिंकाचा लाडू देऊ नका.

तिळाचा आकडा ३.४ आणि खाण्याचा पुरावा चिमूटभर. फोडणीत मुरलेल्या चिमटीवरून तिळाची चटणी सोसेल असं धरता येत नाही. मसाला सोसतोय तर तो चालू ठेवायचा का, हे डॉक्टरांना विचारा, पण चटणी, तिळगूळ, रेवडी घरी चाखवून बघू नका. बालरोग किंवा ॲलर्जी तज्ज्ञाकडे तीळ, काजू, अक्रोड, बदाम यांची त्वचेवरची टोचणी चाचणी करा. त्याआधी ५ ते ७ दिवस सेटिरिझिनसारखी औषधं त्यांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात, नाहीतर फोड उठतच नाही आणि निकाल खोटा येतो. तुलनेसाठी दिलेल्या मिठाच्या पाण्याच्या टोचणीपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांध आली तर चाचणी पॉझिटिव्ह. तरीही शंका राहिली तर दवाखान्यात देखरेखीखाली थोडं-थोडं वाढवत खाऊ घालतात. त्या दिवशी लेकराला ताप, खोकला, दमा यातलं काही नको. सोयाबीन कधी खाल्लेलं नाही, तेही याच भेटीत विचारून घ्या.

करडईवाला
तेलाचं मी सांगतो. कारखान्यात पूर्ण रिफाइन केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिन जवळजवळ उरत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात ते उरतं आणि तळाशी गाळही असतो. त्यातही एकाच घाण्यावर सकाळी शेंगदाणा, दुपारी तीळ, संध्याकाळी करडई निघते, आणि उखळात आधीची पेंड चिकटून राहते. म्हणून घाण्याचं करडई तेलसुद्धा या लेकरासाठी चालणार नाही.

स्वयंपाकघरात मिक्सर पाहा. पात्याखालच्या रबरी चकतीत कूट अडकून बसतो, धुतला तरी निघत नाही. लेकराच्या चटणीचं भांडं वेगळंच करा. खलबत्ता आणि पाटाही वेगळा. हात साबण-पाण्याने धुवा, सॅनिटायझरने शेंगदाण्याचं प्रथिन जात नाही.

पाकिटावर शेंगदाणा, सुका मेवा, सोयाबीन यांची ॲलर्जीसूचना कायद्याने लागते, तीळ मात्र त्या यादीत नाही. घटकांची पूर्ण यादी वाचा.

मांजराकाठ
वेळा अमावस्येला भज्जी (शेंगदाणे आणि कडधान्यं घातलेली मिसळीची भाजी) सगळ्यांची एकाच पातेल्यात शिजते. दाणे बाजूला काढून दिली तर? उकडलेल्या दाण्याने कमी होतं म्हणतात. आणि इंजेक्शन घरी ठेवावं का?

बालाघाट
बाजूला काढून नको. भाजण्यापेक्षा उकडण्याने जोर थोडा कमी होतो, पण प्रथिन रश्शात उतरतं. तूर, हरभरा, वाटाणा घालून लेकराची भज्जी आधी वेगळ्या पातेल्यात करा आणि मगच सगळ्यांची. अंबिलीत शेंगदाणा नसला तरी वाढायचा डाव वेगळा ठेवा, शेतात एकच डाव सगळ्या भांड्यांत फिरतो.

बहिणीला अंड्याची ॲलर्जी नसेल आणि तीव्र इसब नसेल, तर सहसा आधी तपासणी लागत नाही. २०१५ च्या लीप अभ्यासात ४ ते ११ महिन्यांच्या, जास्त धोक्याच्या बाळांना शेंगदाणा नियमित दिल्यावर ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी घटली. अख्खा दाणा नको, घशात अडकतो. बारीक कूट पातळ करून, भाऊ जवळ नसताना द्या, आणि भांडी-हात लगेच धुवा.

इंजेक्शन हवंच, गावापासून दवाखाना लांब असेल तर नक्कीच. ॲड्रेनलिनची १ मिलीत १ मिलिग्रॅमची कुपी येते. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे १५ किलोला ०.१५ मिली. १ मिलीची सिरिंज वापरायची. इन्सुलिनची नको, तिची सुई स्नायूपर्यंत पोचत नाही आणि खुणा युनिटच्या असतात. डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा. श्वास घरघरला, आवाज बसला, लेकरू ढिलं पडलं, किंवा गांधींबरोबर वारंवार उलट्या झाल्या, तर मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूने लगेच द्या. सेटिरिझिन देऊन वाट बघत बसू नका, त्याने श्वास सुधारत नाही. लेकराला आडवं ठेवा, पाय वर, चालवू नका. धाप लागली असेल तर बसतं ठेवा. १०८ ला फोन करा. ५ ते १५ मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी मात्रा, म्हणून कुप्या दोन आणि सिरिंजही दोन. अंगणवाडी सेविकेकडे मात्रा लिहिलेला कागद द्या, आणि कुपीची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.