नवीन अँपला टर्नटेबल जोडला की घूंऽऽ आवाज येतोय

भावांनो, घरात नवीन स्टिरिओ अँप (अँप्लिफायर) घेतलाय. आज्जांच्या जुन्या रेकॉर्डी ऐकायच्यात, अल्लादिया खाँसाहेबांच्या घराण्याचं गाणं, कोल्हापुरात राहून ते नीट वाजलं नाही तर काय अर्थ. टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) अँपच्या ऑक्सला, म्हणजे साध्या इनपुटला लावला तर आवाज एकदम बारीक, फोनोला, म्हणजे टर्नटेबलसाठीच्या इनपुटला लावला तर सारखी घूंऽऽ. स्पीकर ८ ओहमचे, अँपवर ४ ते १६ लिवलंय.

राजारामपुरीकर: फोनोलाच ठेव भावा. कार्ट्रिजमधनं (सुई बसवलेला भाग) जेमतेम काही मिलिव्होल्ट येतात, ऑक्सला ते पुरत नाहीत, शिवाय रेकॉर्ड कापतानाच बेस कमी आणि ट्रेबल वाढवलेला असतो, १९५४ पासनं ह्याला आरआयएए कर्व्ह म्हणत्यात, तो फोनो स्टेज, म्हणजे फोनो इनपुटमागचं सर्किट, सरळ करतं, ऑक्सला ते नसतं म्हणूनच गाणं पोकळ वाटतं. घूं चं बघ, टर्नटेबलमागनं एक बारीक सुटी वायर येत असंल, ती अँपच्या जीएनडी (ग्राउंड) स्क्रूला आवळ. सगळं बंद करूनच.

तारवाला: स्पीकर बिनधास्त लाव. फक्त लाल लालला, काळा काळ्याला दोन्हीकडं बघ, एक उलटा झाला तर बेस गायब होतो. आणि वायरीचा एक केस पण शेजारच्या टर्मिनलला चिकटू देऊ नको, अँपचा आऊटपुट उडतो.

शाहूपुरी_सूर: टर्नटेबल स्पीकरवर ठेवू नका, हादरे सुईत जातात. अँपवर कापड तर नकोच, उष्णता बाहेर पडाय पायजे.

मूळ प्रश्नकर्ता: वायर मागं गुंडाळलेली सापडली! आवळली, घूं गेली. आता तानपुऱ्याची जवारी (तारांचा झणझणीत नाद) पण ऐकू येतीय, लई आभार.