पीटीपी हार्डवेअर क्लॉक पळतंय, पीटीपी४एल लॉकच होत नाही, ड्रायव्हरमध्ये नेमकं कुठे बघू?

अॅडएंडवाला
पीटीपी म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवायचा प्रोटोकॉल, पीटीपी४एल हे त्याचं लिनक्सवरचं डीमन. कस्टम बोर्ड आहे, मॅक (इथरनेट कंट्रोलर) चिपमध्येच आहे, ड्रायव्हर व्हेंडरच्या कर्नलमधून आलाय. इथटूलला (नेटवर्क कार्ड तपासायचं टूल) कॅपिटल टी देऊन बघितलं तर हार्डवेअर ट्रान्समिट, हार्डवेअर रिसीव्ह सगळं दिसतंय आणि पीटीपी हार्डवेअर क्लॉक 0 असंही येतंय, म्हणजे डिव्हाइस रजिस्टर झालंय. पण पीटीपी४एल चालू केलं की एस२ म्हणजे लॉक झालेल्या स्टेटला जातच नाही, फ्रिक्वेन्सी मायनसमध्ये टोकाला जाऊन अडकते आणि ऑफसेट वाढतच राहतो, मधूनमधून लॉगमध्ये क्लॉकचेकची वॉर्निंग येते की घड्याळ पुढे उडालं किंवा अपेक्षेपेक्षा जोरात चालतंय. सर्व्होचे (ऑफसेट बघून घड्याळाचा वेग सुधारणारा भाग) पी आणि आय कॉन्स्टंट बदलून झाले, काहीच फरक नाही. त्याच स्विचवर दुसरं मशीन व्यवस्थित लॉक होतंय, म्हणून मास्टरवर, म्हणजे वेळ पुरवणाऱ्या घड्याळावर, शंका नाही. सुरुवात कुठून करू?

रजिस्टरवाचक
सर्व्होला आत्ता हात लावू नका, तो बिचारा मिळेल तेवढं मागे खेचतोय आणि ते पुरत नाहीये, म्हणून तर टोकाला अडकलाय. क्लॉकचेक तुमच्या घड्याळाची तुलना सिस्टिमच्या मोनोटॉनिक क्लॉकशी करतं आणि त्याची डिफॉल्ट मर्यादा २० टक्के आहे, साध्या क्रिस्टलच्या चुकीने तिथपर्यंत कोणी पोचत नाही, ती चूक दहावीस पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग) घरात असते, फार तर शंभर. म्हणजे बेस रेटच चुकलाय असं मला वाटतं.

नेटवर्क बाजूला ठेवून नुसतं घड्याळ तपासा. पीटीपी४एल आणि पीएचसी२सिस (हार्डवेअर क्लॉकची वेळ सिस्टिम क्लॉकला देणारं) दोन्ही बंद करा, मग पीएचसी_सीटीएलने (हार्डवेअर क्लॉक हाताने सेट करायचं टूल) फ्रिक्वेन्सी अॅडजस्टमेंट शून्य करा (हे विसरलात तर आधीची टोकाची व्हॅल्यू तशीच बसलेली असते आणि आकडा फसवा येतो), वेळ शून्यावर सेट करा, १० सेकंद वेट द्या आणि गेट करा. १० च्या अगदी जवळ आलं तर घड्याळ ठीक, मग टाइमस्टॅम्प बघू. नाहीतर जो आकडा येईल तो इथे टाका, त्या गुणोत्तरातच उत्तर असतं.

लिंकस्पीड
वरच्याला दुजोरा. हीच टेस्ट १ गिगाबिट आणि १०० मेगाबिट दोन्ही स्पीडला करा, कारण काही मॅकमध्ये टाइमस्टॅम्पचं काउंटर लिंकच्याच क्लॉकवर चालतं. कर्नलमधला आयएक्सजीबीई ड्रायव्हर उघडून बघा, त्यात जुन्या चिपसाठी लिंक स्पीडनुसार इन्क्रिमेंट व्हॅल्यू बदलायला लागते.

आणि अॅडजफाइनचा (ड्रायव्हरमधलं घड्याळाचा वेग बदलणारं फंक्शन) कोड नीट वाचा. तिथे येणारी स्केल्ड पीपीएम १६ बिट फ्रॅक्शनची असते, १ पीपीएम म्हणजे ६५५३६, आणि ती मूळ रेटपासून मोजायची असते, मागच्या वेळी लावलेल्या रेटपासून नाही. मागच्या अॅडएंडमध्येच (घड्याळाचा वेग ठरवणारी रजिस्टरमधली व्हॅल्यू) बेरीज करत जाणारे ड्रायव्हर मी पाहिलेत, त्यात घड्याळ सुरुवातीला छान वाटतं आणि मग हळूहळू हाताबाहेर जातं.

अॅडएंडवाला
केलं. अॅडजस्टमेंट शून्य करून १० सेकंदांनी १२.५ येतंय, पुन्हा पुन्हा तेच, दोन्ही लिंक स्पीडला तेच. अॅडजफाइन वाचलं, बेसपासूनच मोजतंय.

रजिस्टरवाचक
१.२५ पट. १२५ भागिले १००. तुमच्या काउंटरला खरं १२५ मेगाहर्ट्झ मिळतंय आणि ड्रायव्हर १०० धरून प्रत्येक टिकला १० नॅनोसेकंद मिळवतोय, मिळवायला हवेत ८. ६२.५ आणि ५० अशी जोडीही असू शकते, क्लॉक ट्रीत बघून खात्री करा. डिव्हाइस ट्रीत (कर्नलला दिलेलं बोर्डाच्या हार्डवेअरचं वर्णन) पीटीपीचा रेफरन्स क्लॉक दिलाय का? स्टमॅक ड्रायव्हरमध्ये पीटीपी_रेफ नावाचा क्लॉक सापडला नाही तर तो मॅकच्या मेन क्लॉकचा रेट धरतो, एरर देत नाही, सगळं रजिस्टर होतं आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो. तुमच्या ड्रायव्हरमध्येही तसंच काही असेल. डीबग-एफएसमधल्या क्लॉक समरीत खरा रेट दिसेल.

अॅडएंडवाला
तेच होतं! क्लॉकची एंट्रीच नव्हती, मेन क्लॉक १०० आणि टाइमस्टॅम्प युनिटला १२५. एंट्री टाकली, आता टेस्टला बरोबर १० येतंय आणि पीटीपी४एल पटकन एस२ ला गेलं. मनापासून आभार दोघांचे. आता एकच राहिलं, केबल काढून परत लावली की घड्याळ थेट १९७० ला जातं आणि पीएचसी२सिसमुळे सिस्टिमची वेळही त्याच्या मागे जाते, लॉग सगळे विस्कटतात. आणि सिस्टिम क्लॉक ३७ सेकंदांनी वेगळं दिसतंय, तोही बगच का?

लिंकस्पीड
३७ सेकंद हा बग नाही. पीटीपी टीएआय (लीप सेकंद नसलेली अणुवेळ) चालवतं, यूटीसी २०१७ च्या जानेवारीपासून त्याच्या ३७ सेकंद मागे आहे. पीएचसी२सिसला डब्ल्यू ऑप्शन द्या, तो ऑफसेट पीटीपी४एलकडून घेईल. एनटीपीचं कोणतं डीमन तेच सिस्टिम क्लॉक ओढत असेल तर ते बंद करा, दोघं एकाच घड्याळावर भांडत राहतात.

१९७० चं मात्र ड्रायव्हरमध्येच आहे. लिंक आली की तुमचा ड्रायव्हर मॅक रिसेट करून टाइमस्टॅम्पचं पूर्ण इनिशियलायझेशन पुन्हा करत असणार, त्यात काउंटर शून्य होतं. रिसेटच्या आधी वेळ वाचून ठेवा, त्याच क्षणी मोनोटॉनिक क्लॉकही नोंदवा, रिसेटनंतर मधला फरक मिळवून परत लिहा आणि शेवटची फ्रिक्वेन्सी अॅडजस्टमेंटही परत लावा, ती बहुतेक जण विसरतात आणि मग लॉक व्हायला उगाच वेळ जातो. त्या फंक्शनमध्ये हात घातलाच आहे तर गेटटाइमही बघा, सेकंद आणि नॅनोसेकंद दोन वेगळी रजिस्टर असतील तर सेकंद, नॅनोसेकंद आणि पुन्हा सेकंद असं वाचा आणि दोन्ही सेकंद जुळले नाहीत तर परत वाचा, नाहीतर कधीतरी बरोब्बर एक सेकंदाची उडी दिसेल आणि ती पकडणं फार जड जातं.