बीबीए, बीएमएस, एमबीए केलेल्यांनो, धंद्यात नेमकं काय कामी आलं? अनुभव लिहा

भाची यंदा बारावीला आहे आणि तिला बीबीएच, म्हणजे मॅनेजमेंटची पदवी, करायचीय, पुढे "स्वतःचं काहीतरी" म्हणते, काय ते तिलाही माहीत नाही. आमच्या वेळी एकच वाट होती, बीकॉम करा आणि गप बसा. आता 2024 पासून बीबीए-बीएमएस एआयसीटीईखाली, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेखाली आलं, त्यालाही सीईटी लागली, आणि सीईटीची कटकट नको म्हणून काही कॉलेजांनी तोच कोर्स बीकॉम ऑनर्स म्हणून सुरू केला, त्यामुळे माझं डोकं गरगरतंय. फी आणि रँकिंग सांगू नका, ते कुठेही मिळतं. वर्गातलं नंतर कुठे कामी आलं किंवा कुठे तोंडावर आपटलात, ते लिहा.

*

मुंबई, बीएमएस, 2006 ची बॅच. वर्गात मार्केटिंगच्या पुस्तकवाला कोटलर, त्यातले चार पी (प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन), आणि आठवड्याला एक प्रेझेंटेशन ज्यात पाचजणांच्या ग्रुपमधला एकच काम करतो. धंदा म्हणाल तर फेस्टच्या स्पॉन्सरशिपला शिकलो. दादरला दुकानोदुकानी फिरायचं, प्रत्येकाला "सर आमचा फुटफॉल एवढा", म्हणजे एवढी गर्दी येते वगैरे ऐकवायचं, आणि ते लोक पाणी पाजून वाटेला लावायचे. एका चष्म्याच्या दुकानातल्या काकांनी मात्र विचारलं, तुझ्या कॉलेजात चष्मा लावणारी पोरं किती? ततपप झालं. दुसऱ्या दिवशी गेटवर उभा राहून मोजली, दोनशेत साठेक निघाली. काकांनी रोख दिलेच नाहीत, डिस्काउंटची कूपनं दिली, पण दिली. हाच किस्सा मार्केट रिसर्चच्या पेपरात उदाहरण म्हणून लिहिला तर मार्क कापले, कारण पुस्तकातली व्याख्या लिहिली नव्हती.

*

आमचा बिझनेस प्लॅन तर अख्ख्या वर्गाचा एकच होता, फक्त नाव बदलायचं. कुणाचं मिनरल वॉटर, कुणाचा आरओ प्लँट. पाच वर्षांचं प्रॉफिट प्रोजेक्शन एक्सेलमध्ये नुसतं ओढत न्यायचं, दरवर्षी 20 टक्के वाढ, बास.

*

तासगावकडचा आहे, घरचा बेदाणा. बीबीए सांगलीत केलं, कारण पुण्याला पाठवायला वडील तयार नव्हते. कॉस्टिंगच्या प्रोजेक्टला सर म्हणाले घरचाच हिशोब मांड. साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो बेदाणा पडतो हे शेंबड्या पोरालाही माहीत, पण त्यापुढचं कुणी मांडलेलंच नव्हतं, म्हणजे डिपिंग ऑईल, शेडवर टाकणाऱ्या बायकांची मजुरी, प्रतवारी, बॉक्स, कोल्ड स्टोरेजचं भाडं. वडिलांची वही होती, पण तिच्यात फक्त कुणाकडून किती येणं एवढंच. मांडत गेलो तर कळलं की भाव वाढेल म्हणून माल सहा महिने स्टोरेजला ठेवायचो, त्यात भाडं आणि सोसायटीच्या कर्जाचं व्याज धरलं की वाढलेल्या भावातून हातात काही उरतच नव्हतं. दोन रात्री वडील माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, यंदा निम्मा लवकर काढू.

आता तोंडावर आपटल्याचं. शिकून आल्याच्या जोरात मी भाव बघून एका नव्या व्यापाऱ्याला माल दिला, जुन्यापेक्षा किलोला आठ रुपये जास्त. पेमेंट एकवीस दिवसांनी म्हणाला, मार्च गेला, गणपती गेले, दिवाळीला निम्मे आले, बाकीचे अजून वहीत आहेत. पुस्तकात असं येणं असलेल्यांना डेटर्स म्हणतात, बॅलन्सशीटला ॲसेट बाजूला लिहितात. वडील म्हणाले, ह्याचा ॲसेट तू सांभाळ.

*

वरच्या बेदाणावाल्या दादांना नमस्कार, हसू की रडू कळेना. मी दुसऱ्या बाजूचा, सीएचबीवर उद्योजकता शिकवायचो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीएचबी म्हणजे तासाप्रमाणे पैसे, सुट्टीचे नाहीत आणि मिळतात तेही कधी मिळतील त्याचा नेम नाही, म्हणजे मीही कॉलेजचा डेटरवालाच. पहिल्याच तासाला एका पोराने विचारलं, सर तुम्ही कुठला धंदा केलाय? खोटं काय सांगणार. मग ठरवलं की व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा पीएमईजीपीचा, म्हणजे नवा उद्योग काढायला कर्ज आणि सबसिडी देणाऱ्या सरकारी योजनेचा, खरा प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेऊ. पोरांना आधी वाटायचं सबसिडी 15 ते 35 टक्के म्हणजे सरकार हातात पैसे देतं. ती रक्कम तीन वर्षं बँकेत अडकून राहते, तोवर युनिट चालू पाहिजे, आणि आधी स्वतःचे 5 नाहीतर 10 टक्के घालावे लागतात, हे कळल्यावर अर्धा वर्ग गार. एक मुलगी मात्र जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बसली, कोटेशनं आणली, शेवयांचं मशीन घेतलं. बँकेत साहेबांनी एवढंच विचारलं म्हणे, की पावसाळ्यात शेवया वाळवणार कुठे? रिपोर्ट ऐंशी पानांचा होता, त्यात हे नव्हतं. ड्रायर ॲड करून परत गेली. मी दोन वर्षांनी ती नोकरी सोडली, आता ट्यूशन घेतो.

*

एमबीए मार्केटिंग. प्लेसमेंट "मॅनेजमेंट ट्रेनी", काम म्हणजे सोसायट्यांमध्ये फिरून बँक खाती उघडणं, वॉचमन आत सोडायचा नाही. अजून काय लिहू.

*

मी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं एमएससी एंत्रप्रेनरशिप केलंय, घरचं तारण ठेवून लोन काढून. तिथला विनोद असा की शिकताय उद्योजकता आणि स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा करायला बंदी! सेल्फ एम्प्लॉयमेंट चालतच नाही, नोकरी करा आठवड्याला वीस तास, तीही दुसऱ्याची. आमच्या वर्गात सगळ्यांचे पिच डेक, म्हणजे इन्व्हेस्टरला आयडिया पटवायच्या स्लाइड्स, तयार, इन्व्हेस्टर येऊन टाळ्या वाजवून जायचे, आणि संध्याकाळी मी एका हॉटेलात भांडी घासायला. पण वाया गेलं असं नाही म्हणणार. एक मॉड्युल होतं ज्यात तीस अनोळखी लोकांशी बोलून यायचं, आणि अट अशी की आपली आयडिया सांगायचीच नाही, फक्त त्यांनी शेवटचे पैसे त्या गोष्टीवर कधी खर्च केले ते विचारायचं. आपल्याला आयडिया सांगायची इतकी घाई असते ना! तीसमधल्या सत्तावीस जणांनी कधी खर्चच केला नव्हता. माझी ॲपची आयडिया तिथेच संपली, माझे दोन लाख वाचले. परत येऊन आता नाशिकला पॅकेजिंगचा बिझनेस, आणि हो, उधारीवर मीही रडतोय.

*

मुक्त विद्यापीठातून बीकॉम केलं, लग्नानंतर, मुलगा पहिलीत असताना. तुमच्यासारखं मोठं काही नाही, पुण्यात मेस आहे, एक वेळचे डबे. ब्रेक इव्हनचं, म्हणजे ना नफा ना तोटा कुठे होतो त्याचं, गणित परीक्षेला आलं होतं, तेच घरी वहीवर केलं. गाळ्याचं भाडं, दोन मावश्यांचा पगार, लाईट धरून महिन्याला 27,000, डबे कितीही असले तरी द्यायचेच. महिन्याच्या डब्याचे 2,400 घ्यायचे, त्यात किराणा-भाजी-गॅस 1,650, राहिले 750. म्हणजे 36 डबे हवेत, आणि माझ्याकडे होते 31. आठ महिने मी समजत होते की चाललंय चांगलं, कारण मेसचे पैसे एक तारखेला आगाऊ येतात आणि किराणावाला महिनाअखेर घेतो, त्यामुळे पर्स कायम भरलेली. ह्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे, विसरले. उधारीवाल्यांनो, मेस काढा!

*

ताई, मग 31 चं काय केलंत? भाचीला वाचायला दिलंय, ती तुमच्याच गणितावर अडकलीये, पुढचं विचारतेय.

*

150 रुपये वाढवले, म्हणजे डब्यामागे 900 सुटले, मग 30 पुरतात. पण भाव वाढल्यावर दोघं सोडून गेले, 29 राहिले. तेव्हा मिस्टरांचा डबा फुकट जायचा, त्यांच्याकडून पैसे घ्यायला लागले. अजून देतात, एक तारखेला.